पॅराबोलिक ट्रफ: तेल कशाला, थेट क्षारच फिरवा

भट्टीवाला:
नव्या ट्रफ प्रकल्पात (लांब, वाकवलेले आरसे ऊन एका नळीवर एकवटतात, नळीतल्या तापलेल्या द्रवावर वीज तयार होते) थर्मल ऑईल, म्हणजे उष्णता वाहून नेणारं तेल, घालणं म्हणजे आधीच हात बांधून घेणं. बायफेनिल आणि डायफेनिल ऑक्साइडचं नेहमीचं तेल ३९३ अंश सेल्सिअसवर आवरावं लागतं, पुढे ते झपाट्याने विघटित होतं. स्पेनच्या अँदासोल प्रकल्पात साठवलेल्या उष्णतेवर ५० मेगावॅट साडेसात तास चालवायला टाक्यांत २८,५०० टन वितळलेला क्षार लागला. कारण गरम आणि थंड टाकीत फरक जेमतेम ९४ अंशांचा (२९२ ते ३८६). ६० टक्के सोडियम नायट्रेट, ४० टक्के पोटॅशियम नायट्रेट असा तोच क्षार थेट रिसीव्हर नळ्यांतून (आरशांच्या ऊन पडणाऱ्या नळ्यांतून) फिरवा, २९० ते ५५० मिळतात. तेवढ्याच उष्णतेला क्षार सुमारे एक तृतीयांश पुरतो, तेल-क्षार हीट एक्स्चेंजरही लागत नाही.

कोरडवाहू:
कागदावर छान! हा क्षार २३८ ला गोठायला लागतो, २२१ ला दगड. तेल गोठतं १२ अंशांवर. टॉवर प्रकारात (आरसे ऊन एका उंच मनोऱ्यावर टाकतात) रात्री क्षार उतारावरून खाली टाकीत काढता येतो. ट्रफच्या आडव्या, शेकडो मीटरच्या लूपमध्ये (नळ्यांच्या फेऱ्यात) तो आपोआप उतरत नाही, म्हणून रात्रभर गरम क्षार फिरवत ठेवायचा, म्हणजे दिवसा साठवलेली उष्णता आरशांच्या सगळ्या रांगांत उधळायची. पंप बंद पडला तर नळीच्या पोलादातूनच वीज सोडून तापवायची सोय हवी. आरशांबरोबर वळणाऱ्या सांध्यांचं काय? तिथला गोठलेला क्षार पॅकिंग (गळती रोखणारं सील) फाडतो. शिवाय ६६६ केल्विनवरून (३९३ अंश) ८२३ वर (५५० अंश) गेलात की प्रारणाने होणारी गळती निव्वळ चौथ्या घातामुळेच २.३ पट होते. सिसिलीतला २०१० चा आर्किमिडी प्रकल्प थेट क्षारावर चालला, पण ५ मेगावॅटचा.

भट्टीवाला:
आणि तेलाचा हायड्रोजन? तेल विघटित होताना तो सुटतो, पोलादातून झिरपून नळीभोवतीच्या काचेच्या आतल्या, उष्णता रोखणाऱ्या निर्वातात शिरतो. गेटर (वायू शोषणारा पदार्थ) भरला की निर्वात संपला. काच तापते, उष्णतेची गळती कित्येक पट वाढते. इन्फ्रारेड कॅमेऱ्यात अशा नळ्या सरळ ओळखू येतात, पण बदलायच्या तर लूप थांबवून, तेल काढून, कापून वेल्डिंग करावं लागतं. वर हे तेल ज्वलनशील, ३९० ला दाबाखालीच द्रव राहतं, नायट्रोजनचं आवरण सतत लागतं.

वाफेचा_मित्र:
दोघेही वीजनिर्मितीच धरून बसलात. कारखान्याला २०० अंशांची वाफ हवी असेल तर दाबाखालचं पाणीच फिरवा. २५० अंशांना ४० बार पुरतात, गळती झाली तरी वाफच निघते, आग नाही.

कोरडवाहू:
मान्य, पण थंडीत ते पाणीही गोठतं, तेव्हा रात्री लूप रिकामा करायचा व्हॉल्व्ह विसरू नका.