मदत हवी आहे: ग्लुटेन फ्री व्हेज किश घरी करायचंय, दोनदा फसलं

चाफेकळी (बुधवार, रात्री १०:४२)
शनिवारी दुपारी जेवायला पाहुणे आहेत आणि मला ग्लुटेन फ्री भाज्यांचं किश करायचंय, म्हणजे पारीत अंडी-दुधाचं मिश्रण आणि भाज्या भरून भाजतात ते. दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा फसलं. पहिल्या वेळी खालची पारी लाटतानाच तुटली, कशीबशी भांड्यात बसवली तर भाजल्यावर नुसता भुगा. दुसऱ्या वेळी पारी जरा बरी झाली, पण कापल्यावर खाली पाणी आणि मध्ये कच्चं. व्हिडिओत सगळ्यांचं पहिल्याच वेळी होतं. सोपी आणि नक्की जमणारी कृती सांगा. मध्ये दोनच संध्याकाळी आहेत आणि मला घरी पोचायला साडेसात होतात.

सुगरणपक्षी (रात्री १०:५१)
पीठ कोणतं घेतलंत? अंडी किती, दूध किती? ओव्हन कसला आहे? भाज्या कच्च्याच घातल्या की परतून? हे कळल्याशिवाय काय चुकलं ते कसं सांगणार?

सातची_फास्ट (रात्री १०:५८)
मैद्याऐवजी बारीक रवा घ्या. रवा, तूप, थोडं दही, घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा. अजिबात तुटत नाही. मी नानकटाईसारखं थापून करते.

अबोलीचा_गजरा (रात्री ११:०३)
थांबा, रवा अजिबात नको! रवा गव्हाचाच असतो. मैदा, रवा, दलिया, शेवया या सगळ्यांत ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, आहे. जव आणि राय या धान्यांतही असतं.
चाफेकळी, ग्लुटेन फ्री कशासाठी करताय ते आधी सांगा. वजनासाठी, की कुणाला सिलिअ‍ॅक, म्हणजे ग्लुटेन न चालण्याचा आजार आहे? उत्तर त्यावर अवलंबून आहे.

सातची_फास्ट (रात्री ११:०९)
रवा पचायला हलका असतो, आजारी माणसालाही देतात, म्हणून सुचवला.

अबोलीचा_गजरा (रात्री ११:१२)
हलका असेल, पण इथे प्रश्न पचनाचा नाही. कुणीतरी हे वाचून खरंच रवा घालेल म्हणून लगेच लिहिलं. राग मानू नका.

रविवारची_न्याहारी (रात्री ११:३०)
एक दुरुस्ती, काही लोक 'क्विचे' म्हणतात, ते किश आहे. फ्रान्सच्या लोरेन भागातला पदार्थ, शब्द जर्मन 'कूखन'वरून आला, म्हणजे केक. मूळच्या किश लोरेनमध्ये अंडी, क्रीम आणि डुकराच्या खारवलेल्या मांसाचे तुकडे, चीजसुद्धा नसायचं. भाज्या नंतर आल्या.

चाफेकळी (गुरुवार, सकाळी ८:१५)
लोकलमधून लिहितेय. पीठ: पहिल्यांदा ज्वारी, दुसऱ्यांदा तांदूळ आणि बेसन अर्धं अर्धं. अंडी ३, दूध २ कप. भाज्या: टोमॅटो, मश्रूम, सिमला मिरची, पालक, कच्च्याच चिरून. ओव्हन म्हणजे मायक्रोवेव्ह, त्यात ओव्हन आहे. २०० वर २० मिनिटं. भांडं काचेचं, ८ इंची.

सुगरणपक्षी (सकाळी ८:४०)
पाणी कुठून आलं ते कळलं. टोमॅटो, मश्रूम आणि पालक कच्चे घातलेत, त्यांचं सगळं पाणी खाली उतरलं. भाज्या मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता, कढई कोरडी होईपर्यंत परता आणि पूर्ण गार करा. पालक परतून पिळून घ्या. टोमॅटोच्या बिया आणि गर काढा, नाहीतर टोमॅटो सोडूनच द्या.
दूधही जास्त झालंय. एका अंड्याला अर्धा कप हे धरून चाला. ३ अंड्यांना दीड कप. त्यात पाऊण कप दूध आणि पाऊण कप अमूलचं फ्रेश क्रीम घ्या, नुसत्या दुधाचं पाणचट होतं.
मायक्रोवेव्हचं कोणतं बटण दाबलं होतं?

चाफेकळी (सकाळी ८:५२)
कॉम्बो. लवकर होतं म्हणून.

सुगरणपक्षी (सकाळी ८:५५)
मग मधला भाग कच्चा राहिला तो त्यामुळेच. कॉम्बोत मायक्रो लहरी चालू असतात, कडा आधी शिजून घट्ट होतात, मधलं तसंच राहतं. फक्त कन्व्हेक्शन लावा. आधी १० मिनिटं तापवा, मग १७० वर ३५ ते ४० मिनिटं. भांडं हलवलं की कडा स्थिर आणि मधला तळहाताएवढा भाग जेलीसारखा किंचित हलला पाहिजे. तेव्हाच बाहेर काढा, उरलेलं आतल्या उष्णतेवर होतं. जास्त भाजलं तर अंडं आवळतं आणि त्यातून पुन्हा पाणी सुटतं, म्हणजे भाज्या कोरड्या करूनही उपयोग नाही.
आणि पारी सोडून द्या. बिनपारीचं किश कधी फसत नाही.

रविवारची_न्याहारी (सकाळी ९:२०)
पारीशिवाय किश म्हणजे भाजलेलं ऑम्लेट. पारी हवीच. १ कप तांदळाचं पीठ, पाव कप कॉर्नफ्लोअर, ७५ ग्रॅम थंडगार बटर, १ अंडं, १ चमचा इसबगोल, मीठ. लाटू नका! ग्लुटेनमुळे पिठाला जी ताण येते ती इथे नाही, म्हणून लाटलं की तुटणारच. इसबगोल ते काम थोडंफार करतं. बोटांनी थेट भांड्यात थापा, अर्धा तास फ्रीजमध्ये, मग वर बटर पेपर आणि वजनासाठी मूठ मूठ कोरडा राजमा पसरून १८० वर १५ मिनिटं. कागद काढून अंड्याचा पांढरा भाग ब्रशने लावा आणि ३ मिनिटं परत. मग ओलं होत नाही.

मोदकाची_कळी (सकाळी ९:४१)
इतका खटाटोप कशाला, तांदळाची उकड काढा. मोदकाची उकड जशी थापतो तशी भांड्यात थापायची. आपल्याकडे हजारो बायकांना पिठाची ही युक्ती येते आणि आपण इसबगोल शोधतोय.

रविवारची_न्याहारी (सकाळी ९:५५)
उकड वाफवल्यावर मऊ राहते. तीच कोरड्या उष्णतेत अर्धा तास भाजली की चिवट आणि कडक होते. मी करून पाहिलंय.

मोदकाची_कळी (सकाळी १०:०२)
तुमची उकड कोरडी झाली असेल. पाणी आणि पीठ समप्रमाणात घ्यावं आणि चमचाभर तूप घालावं. माझी कधी चिवट झाली नाही.

शाकाहारी_शिवडी (सकाळी ११:१०)
अंड्याशिवाय कसं करायचं? आणि शनिवारी अंडं चालतं का तुमच्याकडे? बेसन १ कप, पाणी दीड कप, अर्धा कप दही, हळद, ओवा, हिंग. त्यात भाज्या. छान घट्ट होतं.

अबोलीचा_गजरा (सकाळी ११:२४)
चाफेकळी, माझा प्रश्न तसाच राहिलाय. कुणासाठी करताय?

थालीपीठप्रेमी (दुपारी १२:३०)
किशच का? भाजणीचं थालीपीठ करा, लोणी घाला, पाहुणे खूश होतील.

चाफेकळी (दुपारी १:४८)
जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. नणंदेच्या मुलीसाठी, ११ वर्षांची आहे, नाशिकहून येतायत. तिला सिलिअ‍ॅक आहे, मागच्या वर्षी कळलं. मैत्रिणीच्या वाढदिवसाला सगळ्यांनी किश खाल्लं आणि ही घरचा डबा उघडून बसली होती. मला फोनवर म्हणाली, "मामी, ते कसं लागतं गं?" म्हणून किशच करायचंय, थालीपीठ नाही.
शनिवारी अंडं चालतं, सासूबाई वेगळं जेवतात. पीठ घरचंच आहे, खालच्या गिरणीतून आणलेलं, त्यात गहू नाही.

अबोलीचा_गजरा (दुपारी २:०५)
बरं झालं सांगितलंत. माझा मुलगा १४ वर्षांचा आहे, आमच्याकडे ६ वर्षं हेच चालू आहे, म्हणून सविस्तर लिहिते.
खालच्या गिरणीतलं पीठ वापरू नका. त्याच जात्यातून दिवसभर गहू जातो. तुमच्या ज्वारीच्या आधी कुणाचा पाच किलो गहू दळला असेल तर त्याचं पीठ तुमच्या डब्यात आलंच. भारतात ज्या पाकिटावर ग्लुटेन फ्री लिहितात त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. म्हणजे किती कमी ते बघा. गिरणीच्या पिठाचा भरवसाच देता येत नाही. सिलिअ‍ॅकमध्ये शरीर स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर हल्ला करतं. पोट दुखलं नाही तरी आत इजा होत असते, म्हणून "एवढ्याशाने काय होतंय" हे तिला कुणी म्हणू नये.
हिंग: डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा मैदा असतो. शिवडीकरांनी वर हिंग लिहिलाय, तो नको. हवाच तर शुद्ध खडा हिंग, नाहीतर वगळा. सोया सॉसमध्ये गहू असतो. भाजणीत गहू असतो, म्हणजे थालीपीठही बाद. ओट्सला शेतापासूनच गव्हाची लागण होते, पाकिटावर ग्लुटेन फ्री लिहिलं नसेल तर तेही नको.
लाकडी पोळपाट-लाटणं, पिठाची चाळणी आणि ज्यात पोळीची कणीक मळता ती परात बाजूला ठेवा. लाकूड धुऊन पूर्ण निघत नाही. ब्रेडला लावायचं बटर नको, नवीन पाकीट फोडा. तुमचं काचेचं भांडं चालेल, घासून स्वच्छ होतं.

सातची_फास्ट (दुपारी २:३१)
मला हे काहीच माहीत नव्हतं. रव्याचं लिहिलं ते मागे घेते.
माझाच एक प्रश्न: मी दोन महिने पोळी बंद केलीय, पोट बरं वाटतंय. मलाही हेच असेल का? रक्ताची तपासणी करून घेऊ?

अबोलीचा_गजरा (दुपारी २:४०)
डॉक्टरांना आधी सांगा की पोळी बंद आहे. गहू खाणं चालू असताना केलेलीच रक्ततपासणी भरवशाची, नाहीतर असूनही नाही असं येऊ शकतं. स्वतःहून परत सुरू करू नका, ते विचारून करा.

हिंदू_कॉलनी_गल्ली_दोन (दुपारी ३:१५)
पिठाचाच प्रश्न असेल तर पीठच टाळा. आमच्या आईची मैत्रीण पारशी कॉलनीत राहायची, तिच्याकडे पापेटा पर ईडू खाल्लंय. कांदा, हिरवी मिरची, बटाट्याच्या पातळ काचऱ्या, कोथिंबीर, झाकण ठेवून शिजवायचं, वर अंडी फोडायची, परत झाकण. ओव्हन नको, पीठ नको. बटाट्याला खालून जो खमंग तांबूस थर येतो तो मला अजून आठवतो.

सुगरणपक्षी (दुपारी ३:२८)
हेच हवं होतं! बटाट्याची पारी करा. न्याहारींनाही पारी मिळेल.
३ मध्यम बटाटे किसा, मीठ लावून १० मिनिटं ठेवा, फडक्यात घट्ट पिळा. २ चमचे वितळलेलं बटर आणि मिरपूड घालून भांड्याच्या तळाला आणि कडांना दाबून लावा. २०० वर २५ मिनिटं, कडा तांबूस होईपर्यंत. मग त्यावर भाज्या, किसलेलं चीज आणि अंड्याचं मिश्रण, उष्णता १७० वर. चीज खारट असतं, मीठ बेतानं.

रविवारची_न्याहारी (दुपारी ४:०२)
बटाट्याची पारी मला मान्य आहे. फक्त बटाटा नीट तांबूस होऊ द्या, फिकट असताना मिश्रण ओतलं तर चिखल होईल. जायफळ चिमूटभर घाला.

मोदकाची_कळी (दुपारी ४:२०)
उकडीचंही एकदा करून बघा, शनिवारी नाही तर पुढे कधीतरी. आणि तांदळाचं पीठ तिच्यासाठी लागलंच तर घरी करा. तांदूळ धुऊन पंच्यावर वाळवायचे, मिक्सरमधून काढायचे, नवीन चाळणीने चाळायचे. गिरणीचा प्रश्नच नाही.

अबोलीचा_गजरा (दुपारी ४:२६)
अगदी बरोबर. फक्त त्या मिक्सरच्या भांड्यात रवा किंवा गहू काढला असेल तर झाकणाची रबरी रिंग काढून घासा.

शाकाहारी_शिवडी (दुपारी ५:०५)
मग माझ्या बेसनाच्या कृतीचं काय? हिंग काढला तर चालेल ना?

अबोलीचा_गजरा (दुपारी ५:१२)
चालेल, पण बेसनही बंद पाकिटातलं, ग्लुटेन फ्री लिहिलेलं.

चाफेकळी (शुक्रवार, रात्री ९:५०)
आज अर्ध्या मापाने करून पाहिलं. पाणी नाही, मध्ये नीट शिजलं! गिरणीचं पीठ डब्यासकट वरच्या फळीवर ठेवलं. हिंगाच्या डबीवर खरंच मैदा लिहिलेला निघाला. ७ वर्षं तीच डबी आणतेय, मागची बाजू कधी वाचली नव्हती. मागच्या दिवाळीला ती आली होती तेव्हा आमटीला हाच हिंग होता, ते आठवून बरं वाटत नाहीये.

अबोलीचा_गजरा (रात्री १०:०४)
सगळ्यांचं असंच होतं. माझ्याकडे पहिले आठ महिने हिंग चालूच होता. उद्या तिच्या आईला घटकांची पाकिटं दाखवा. त्या मुलीला कुणाकडे जेवताना विचारायची लाज वाटते, तिला विचारावं लागू नये.

चाफेकळी (रविवार, सकाळी १०:२०)
झालं. तिने दोन तुकडे खाल्ले, तिसरा डब्यात घालून नेला, शाळेत दाखवायला. नणंदेने आधी प्रत्येक पाकीट उलटून वाचलं, मग जेवायला बसली. सिमला मिरची आणि मश्रूम घातले, पालक पिळून, टोमॅटो नाही. जायफळ चांगलं लागलं. आभार सगळ्यांचे, विशेषतः अबोली आणि सुगरणपक्षी.
एकच अडचण: बटाट्याची पारी तळाला चिकटली, पहिला तुकडा मोडला. पुढच्या वेळी काय करू?

सुगरणपक्षी (सकाळी १०:३५)
तळाला बटर पेपर गोल कापून घाला, वरून बटर लावा. आणि काढल्यावर १५ मिनिटं थांबून मगच कापा.