सोफ्याचा रंग कसा ठरवलात? काय जमलं, काय फसलं?

आमच्या नागपूरच्या मनीषनगरातल्या फ्लॅटमध्ये दिवाळीच्या तोंडावर सोफा आला. दुकानात छान राखाडी होता. घरी उतरवला, प्लास्टिक फाडलं आणि सासूबाई म्हणाल्या, "जांभळा काऊन घेतला गं?" राग आला, पण दिसत होता जांभळटच. दुकानात चहूबाजूंनी पांढरे झगझगीत दिवे, तर आमची भिंत हळदी पिवळी. पिवळ्याच्या शेजारी राखाडी ठेवला की डोळ्यांना त्यात निळं-जांभळं दिसायला लागतं, हे नंतर कळलं. दुकानदाराने परत घ्यायला साफ नकार दिला. शेवटी भिंतच रंगवली. म्हणजे सोफ्यापायी आठ दिवस पेंटर घरात आणि आम्ही स्वयंपाकघरात.

आता धाकट्या दिरांचं बेसा भागातलं घर लागतंय, म्हणून विचारते. नुसतं 'बेज घ्या, छान दिसतो' नको. ऊन कुठून येतं, फरशी कसली, सोफ्यावर कोण लोळतं, तेही लिहा.

प्रतापनगरहून

आमच्या हॉलला पश्चिमेची मोठी खिडकी. मरून सोफा घेतला. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर एक कुशन सहज उलटं केलं, तर खालची बाजू मरून आणि वरची विटकरी! रोज बघत होतो म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. ज्या शहरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ ला टेकलाय, तिथे पश्चिमेच्या खिडकीत गडद लाल मांडणं म्हणजे आमचाच शहाणपणा. काच बंद असली तरी रंग उडतो, कारण साध्या काचेतून अतिनील किरणं बऱ्यापैकी आत येतात. आता वाळूच्या रंगाचं कापड घातलंय आणि दुहेरी पडदा लावलाय. याचाही रंग उडत असेल, पण फिक्या रंगात ते डोळ्यावर येत नाही.

महाल भागातून

आमचं उलट. जुना वाडा, गल्लीकडे एकच खिडकी, खाली शहाबादी फरशी. भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते. आधी चॉकलेटी सोफा होता. पाहुणे बसले की फक्त शर्ट दिसायचे. या वेळी गांधीबागेच्या कापडबाजारातून तीन रंगांचं अर्धा-अर्धा मीटर कापड आणलं आणि जुन्या सोफ्यावर पसरून चार दिवस तसंच ठेवलं. फिका निळा ट्यूबखाली दवाखान्यासारखा वाटला. पोपटी सकाळी बरा, संध्याकाळी मळका. तिसरा मोहरीचा पिवळा, जो आणतानाच मला आवडला नव्हता, तोच त्या काळपट फरशीवर उजळून दिसला. बाबा चारही दिवस त्याच तुकड्यावर जाऊन बसत होते, विचारलं तर म्हणाले, "मी रंग पाहून नाही बसलो, पंखा इथे आहे." असो. मोहरीच घेतला. तुकड्यांना लागलेले पैसे वाचवू नका.

कोराडी रोडवरून

अवो ताई, मी तं म्हणतो मांजरीले विचारा. आमची पांढरी हाय. काळा सोफा आणला, तं दोन दिवसांत तो बी पांढरा.

खामल्याहून

ऑफ-व्हाइट घेणाऱ्यांनो, घरात तर्री-पोहे होतात का, आधी ते सांगा. आमच्याकडे रविवारी पाहुण्यांच्या प्लेटमधली तर्री सीटवर सांडली. मी घाईघाईत साबण चोळला, आणि पिवळा डाग बघता बघता लालभडक झाला. हळद साबणाच्या क्षाराने लाल होते, हे शाळेत प्रयोगात केलेलं, पण तेव्हा कुठे आठवतं! साबण नीट काढून टाकल्यावर पुन्हा पिवळा झाला. कव्हर काढता येत होतं म्हणून वाचले. धुऊन गच्चीवर वाळत घातलं, आणि दोन-तीन दिवसांत उन्हाने हळद खाऊन टाकली. तेलाची कडा मात्र अजून आहे, तिच्यावर उशी असते. (प्रतापनगरच्या दादा, ऊन रंग खातं ते कधी असं कामीही येतं!) पुढचा सोफा दोन-तीन रंगांच्या धाग्यांनी विणलेल्या खरबरीत कापडाचा घेणार. एकसारख्या सपाट रंगावर डाग उठून दिसतो, मिश्र विणीत हरवतो.

नंदनवनहून

कूलरचं कुणीच कसं लिहिलं नाही? आमच्याकडे बोअरचं खारं पाणी आणि डेझर्ट कूलर अगदी सोफ्याच्या मागच्या खिडकीत. गडद निळ्या कापडावर मेअखेर पांढरे बारीक ठिपके. ओल्या फडक्याने पुसले की जातात, वाळलं की पुन्हा हजर. सोफा कूलरच्या फवाऱ्यातून हलवला तेव्हा थांबलं. जागा हलवता येत नसेल तर गडद रंग नकोच. रेक्झिनवर ठिपके पुसले जातात खरे, पण नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, त्यावर बसून बघा, उठताना मांडीची कातडी मागे राहते.

सदरहून

मखमली घेणार असाल तर एक बघा. कापडावरून हात फिरवला की एका दिशेला गडद, दुसऱ्या दिशेला फिकं दिसतं. आमच्या कारागिराने कापड पुरवायला एक सीट आडवी बेतली. एकाच थानातलं कापड, पण सोफा दोन रंगांचा दिसतो. शिवायला टाकताना लव सगळीकडे खाली यायला हवी, हे समोर उभं राहून सांगा.

मनीषनगर, पुन्हा मीच

सगळ्यांचं दीर-जाऊबाईंना वाचून दाखवलं. त्यांचा हॉल पूर्वेचा, फरशी पांढरट चकचकीत, मुलगा दोन वर्षांचा, त्याच्या हातात कायम काहीतरी खायचं. कूलर गॅलरीकडे. काल गांधीबागेतून चार तुकडे आणले, त्यात एक मिश्र विणीचा शेवाळी. दिवे अजून बसायचे आहेत, म्हणून पिवळा आणि पांढरा असे दोन्ही बल्ब आळीपाळीने लावून बघितले. पिवळ्यात शेवाळी उबदार, पांढऱ्यात जरा फिका, पण हिरवाच राहिला. भाऊजींचा जीव राखाडीत अडकलाय. जाऊबाईंनी तुकडे जुन्या दिवाणावर पसरून ठेवलेत, आणि बाळाने आज सकाळी राखाडीवर संत्रं पिळलं.