शहरात आलेल्या वडिलांचे मन रमेना: निसर्गाचा कितपत उपयोग होतो?

पांझराकाठ:
माझ्या वडिलांचे सारे आयुष्य साक्री तालुक्यात, पांझरा नदीच्या पाण्यावर भिजणाऱ्या फडात, म्हणजे एकाच पाटाचे पाणी सर्वांनी वाटून घेतलेल्या शेतपट्ट्यात, गेले. आई वारल्यावर मी त्यांना जळगावला फ्लॅटमध्ये आणले. तेव्हापासून त्यांचे बोलणे खुंटले आहे, झोपही लागत नाही. तपासण्यांत मात्र काहीच निघाले नाही. डॉक्टरांच्या सांगण्यावरून रोज पहाटे त्यांना मेहरूण तलावावर नेतो. तेथे ते कठड्यावर बसतात आणि तसेच परत येतात. झाडापाण्याच्या सान्निध्याने मन सुधारते, या म्हणण्याला खरोखर आधार आहे का?

परिचारिका_भुसावळ:
आधार आहे, पण त्याची मर्यादा ओळखावी. संशोधक रॉजर उलरिच यांनी 1984 मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. इंग्लंडमधील सुमारे 20 हजार लोकांच्या 2019 च्या पाहणीत आठवड्याला किमान दोन तास निसर्गात घालवणारे अधिक समाधानी आढळले. अर्थात, मुळात धडधाकट माणसेच जास्त बाहेर पडत असतील, ही शंका उरतेच. तुम्ही सांगता ती लक्षणे नैराश्याचीही असू शकतात. मानसोपचारतज्ज्ञांना अवश्य दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

साक्रीकर:
दादा, फडात ते एकटे नव्हते, हे आपण विसरतो आहोत. कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे हे सर्व मिळून ठरवायचे, पाटकरी पाणी फिरवायचा, आणि पाट फुटला तर सगळेच धावायचे. मेहरूणला पाणी आहे, पण तेथे त्यांना कोणी काही विचारत नाही. आमच्याच तालुक्यातील बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने जंगल राखले (त्यांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली), तेही गावाने स्वतःचे नियम करून आणि मोडणाऱ्याला दंड लावून. तेथे रानभाज्यांची पाककला स्पर्धा भरते, तेव्हा कोणती भाजी कोठे उगवते आणि कशी शिजवायची, हे ज्या बायांना ठाऊक त्यांचाच मान मोठा असतो. माझ्या मते गुण नुसत्या हिरवाईचा नाही. आपल्यावाचून कोणाचे तरी अडते, या जाणिवेचा अधिक आहे.

धुळ्याची_ताई:
साक्रीकर भाऊंचे पटते, तरी गाव म्हणजे केवळ गोडवा नव्हे. बांधावरून अबोला धरलेले भाऊबंद आणि वेशीबाहेर ठेवलेली माणसेही गावातच होती. म्हणून वडिलांना गावी धाडण्याची घाई नको. सोबत कोणाची हवी, हे त्यांनाच निवडू द्या. सध्या भरिताचे दिवस आहेत. सोसायटीतील चार घरे मिळून एखाद्या मळ्यात भरीत-पुरीचा बेत करा आणि कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजण्याचे काम त्यांच्याकडे द्या. साल करपले तरी आतला गर कच्चा राहतो; वांगे केव्हा उलटायचे हे आपल्या पिढीला कळत नाही, त्यांना सांगावेच लागेल.

पांझराकाठ:
सर्वांचा आभारी आहे. मानसोपचारतज्ज्ञांची सोमवारची वेळ घेतली आहे. भरिताचे विचारले, तर वडील एवढेच म्हणाले की वांगी यावलकडच्या बामणोदचीच हवीत आणि ती बाजारातून नव्हे, मळ्यावर जाऊन घ्यायची. यावलकडचे कोणी येथे असल्यास कृपया कळवावे.