मदत हवी आहे: बल्क कूलरचा गॅस सारखा कमी होतोय

नमस्कार मंडळी, संगमनेरजवळ आमचं दूध संकलन केंद्र आहे, १००० लिटरचा बल्क कूलर (दूध थंड करायची टाकी), आर-२२ या थंड करणाऱ्या गॅसवाला. आधी दूध ३ तासांत ४ अंशांवर यायचं, आता ५-६ तास कॉम्प्रेसर चालूच आणि दूध ९-१० च्या खाली येत नाही. मेकॅनिकने दोन महिन्यांत दोनदा गॅस भरला, १५-२० दिवस बरं चालतं मग परत तेच. सील सिस्टिममधला गॅस असा आपोआप संपत नाही ना, म्हणजे लिकेजच असणार, पण मेकॅनिक नायट्रोजन भरून प्रेशर टेस्ट करायलाच तयार नाही. कंडेन्सर कॉइल (गरमी बाहेर टाकणारी जाळी) मी स्वतः धुतली, फॅन ठीक आहे. फ्लेअर नटपाशी (गॅसच्या पाइपच्या जोडावरचा नट) तेलकट डाग दिसतोय, लिकेज तिथेच असेल का? की टाकीच्या तळातल्या इव्हॅपोरेटरमध्ये (जिथे गॅस दूध थंड करतो तो भाग)? तिथे असेल तर दुरुस्ती होते का? शेतकऱ्यांचं दूध नासतंय, प्लीज लवकर सांगा.