पडद्याआधी कीबोर्ड तपासावा

कमी दिसणाऱ्यांनी कोणता लॅपटॉप घ्यावा, या प्रश्नाच्या एका उत्तरात १७ इंची पडदा आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड सुचवले आहे. पडद्याचा मुद्दा अंशतः पटतो. परंतु ज्यांना थोडे दिसते आणि जे बहुतेक वाचन एनव्हीडीएवर (पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर) ऐकून करतात, त्यांनी आधी कीबोर्ड पाहावा. एनव्हीडीएच्या डेस्कटॉप मांडणीत वाचनाच्या कितीतरी आज्ञा नमपॅडवर, म्हणजे कीबोर्डच्या उजवीकडील आकड्यांच्या कळांवर, असतात, १४ इंची यंत्रांत तो सहसा नसतो, आणि एनव्हीडीएच्या आज्ञा देताना लागणारी इन्सर्ट कळही कित्येकदा एफएन (Fn) कळीसोबतच दाबावी लागते. कॅप्स लॉकला एनव्हीडीएची कळ करून लॅपटॉप मांडणी वापरता येते, हे खरे; तरी हाताला नमपॅडची सवय असल्यास नमपॅड असलेले १५.६ इंची यंत्र सोयीचे. ग्राफिक्स कार्डाचे पैसे १६ जीबी रॅमकडे वळवावेत. पडदा मात्र चकचकीत नसावा, कारण मागच्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब मॅग्निफायरने मोठ्या केलेल्या अक्षरांवरही पडतेच.

दुकानात जाताना एनव्हीडीएची पोर्टेबल प्रत पेनड्राइव्हवर न्यावी. ती इन्स्टॉल न करता चालते. हेडफोन लावून, थोडे थांबून बाणाची कळ दाबावी आणि पहिला शब्द पूर्ण ऐकू येतो का ते पाहावे. काही यंत्रांत ध्वनीची यंत्रणा वीज वाचवण्यासाठी निद्रिस्त होते आणि शब्दाचे पहिले अक्षर गिळले जाते. विक्रेता पेनड्राइव्ह लावूच देत नसेल, तर सरळ दुसरे दुकान गाठावे.