मदत हवी आहे : भट्टी दिवसावर आणली आणि मेन ब्रेकर पडायला लागला

भट्टीवाला_शिरोली :
आमची कास्ट आयर्नची छोटी फाउंड्री आहे. वर्षानुवर्षं मेल्टिंग रात्री, कारण १० ते ६ मध्ये विजेला युनिटमागे दीड रुपया सूट होती. जुलै २०२५ पासून ती गेली. आता सूट सकाळी ९ ते संध्याकाळी ५, आणि ५ ते रात्री १२ जादा दर. म्हणून भट्टी दिवसावर आणली. आठवड्यात तीनदा मेन ब्रेकर पडला. काल तर भट्टीत धातू तयार होता. काय करू? सोमवारपासून शिफ्ट लावायची आहे.

ऊनवाला :
छतावर सोलर बसवा. सगळे प्रश्न संपतात.

जुना_मेल्टर :
ब्रेकर पडण्याशी त्याचा काय संबंध? दादा, ट्रान्सफॉर्मर केवढा, भट्टी केवढी, ते सांगा. आणि भट्टीचा कूलिंग पंप डीजीवर (डिझेल जनरेटरवर) आहे ना? वीज गेली आणि पाणी थांबलं तर भट्टीची कॉइल (तांब्याचं वेटोळं) जाईल, हे आधी बघा.

भट्टीवाला_शिरोली :
पंप डीजीवर आहे. ट्रान्सफॉर्मर ५०० केव्हीए, भट्टी ३५० किलोवॉट.

वीजबिल_वाचक :
पॉवर फॅक्टर (घेतलेली वीज किती कामी येते ते) बघा, बिलात इन्सेंटिव्ह मिळेल.

जुना_मेल्टर :
एचटीला (उच्च दाबाच्या जोडणीला) २०२० पासून केव्हीएएच बिलिंग आहे, म्हणजे पॉवर फॅक्टर युनिटांतच धरला जातो, तो इन्सेंटिव्ह कधीच गेला. दादा, दिवसा भट्टीबरोबर काय काय चालतं?

भट्टीवाला_शिरोली :
नेहमीचंच. सँड प्लांट (साच्याची वाळू तयार करणारा), शॉट ब्लास्टिंग (छर्रे मारून कास्टिंग साफ करायचं मशीन), दोन कॉम्प्रेसर. ते दिवसाच चालतं की.

जुना_मेल्टर :
हे पहिल्यांदाच सांगायचं होतं! रात्री भट्टी एकटी होती, आता सगळे एकाच ट्रान्सफॉर्मरवर, लोड झेपत नाही म्हणून ब्रेकर पडतो. शॉट ब्लास्ट सकाळी ६ ते ९ ला न्या. तेव्हा सूट नाही, पण जादा दरही नाही.

साचेवाला :
मोल्डिंगपण (साचे बनवणं) रात्री उरकून घ्या, दिवसभर नुसतं ओतायचं.

जुना_मेल्टर :
ग्रीन सँड (ओलसर मातीमिश्रित वाळू) असेल तर नको. रात्रभर साच्याचे बॉक्स ठेवले की कडा सुकतात, ओतताना वाळू सुटते, कास्टिंगला खड्डे. नो-बेकला (रसायनाने घट्ट होणाऱ्या वाळूला) चालेल.

साचेवाला :
आम्ही ठेवतो. ओलं पोतं टाकायचं.

जुना_मेल्टर :
रिजेक्शन (बाद कास्टिंग) किती ते पण सांगा मग.

इचलकरंजीकर :
सौर वीज दुपारी भरपूर, म्हणून दर कमी, हे पटतं. पण मे महिन्यात दुपारी दोनला १४०० डिग्रीच्या धातूसमोर माणूस उभा करणार, त्याचं काय? आमच्याकडे मागावाले...

जुना_मेल्टर :
मागाचा वेगळा धागा काढा. पण माणसाचं म्हणणं खरं आहे. ओतायच्या जागी मोठे पंखे, ताक, आणि लेडलवर (धातू ओतायच्या भांड्यावर) दर तासाला माणूस बदला.

भट्टीवाला_शिरोली :
आमची ग्रीन सँडच आहे, म्हणजे सँड प्लांट दिवसाच. शॉट ब्लास्ट हलवतो. पण तो चालवणारे मामा कागलहून एसटीनं येतात, साडेसातच्या आत पोचत नाहीत. तेवढ्या दीड तासात सगळं बसेल का?