मदत हवी आहे: फ्लूक हॉलंडचं ड्रमिंग नीट ऐकायचंय

रॉकाबिलीच्या (1950 च्या दशकातलं कंट्री आणि ब्लूज मिसळलेलं रॉक अँड रोल) ड्रमरांमध्ये सध्या मला डब्ल्यू. एस. 'फ्लूक' हॉलंडने पछाडलंय. आधी हा माणूस ड्रमर नव्हताच. रॉकाबिली गायक-गिटारवादक कार्ल पर्किन्सच्या भावाच्या डबल बासवर (उभं धरून वाजवायचं मोठं तंतुवाद्य) बाजूने हातांनी ठेका धरायचा. मग सन रेकॉर्ड्स या मेम्फिसच्या रेकॉर्ड कंपनीच्या सेशनसाठी त्याने कुणाचा तरी ड्रमसेट उसना आणला आणि कामालाच लागला! पर्किन्सच्या 'ब्लू स्वेड शूज'वर ड्रम वाजवणारा तोच. 1960 मध्ये तो कंट्री गायक जॉनी कॅशकडे गेला आणि कॅश 1997 मध्ये दौऱ्यांतून निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला.

माझा प्रश्न इथूनच सुरू होतो. कॅशच्या सुरुवातीच्या रेकॉर्डिंगमध्ये ड्रम नव्हतेच. 'आय वॉक द लाइन'मध्ये तर कॅशने गिटारच्या तारांत कागद अडकवून स्नेअरसारखा (ड्रमसेटमधला खरखरत्या आवाजाचा ड्रम) आवाज काढलाय. म्हणजे ठेका आधीच गिटार आणि बासने व्यापलेला. अशा बँडमध्ये नव्याने आलेला ड्रमर नेमकी कुठली जागा घेतो? पर्किन्सकडचा फ्लूक आणि कॅशकडचा फ्लूक यांतला फरक ऐकायचा तर कोणती गाणी शेजारी-शेजारी लावू? 1968 चा फोल्सम तुरुंगातला अल्बम माझ्याकडे आहे, त्याआधीचं सुचवा.

शिवाय ट्रेन बीट, म्हणजे आगगाडीच्या धडधडीसारखा स्नेअरवरचा सलग ठेका. सावकाश जमतो, पण वेग वाढवला की स्नेअरवरचे सगळे स्ट्रोक सारख्याच जोराचे पडतात, अॅक्सेंट (मधले जोरदार ठोके) गायब. ब्रशने सराव करू की स्टिकनेच? वाजवणाऱ्यांनी सांगा प्लीज. 'मेट्रोनोम लाव' सोडून काहीही चालेल, तो लावूनच बसलोय.